विंडोज ११ टाकण्याआधी मशीनवर कोणतं लायसन्स आहे ते कसं ओळखायचं?

पऱ्हाटी

घरी दोन मशीन आहेत. एक सेकंडहँड डेस्कटॉप: आय-५ चौथी पिढी, ८ जीबी रॅम, कॅबिनेटवर विंडोज ७ प्रोफेशनलचं स्टिकर, आत विंडोज १० प्रो चालू. दुसरा लॅपटॉप: आय-३ ८१३०यू, ४ जीबी रॅम, त्यात ‘विंडोज १० होम सिंगल लँग्वेज’ दिसतं. विंडोज १० चा आधार (कंपनीचे फुकट अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून दोन्हीचं काहीतरी करणं आहे.

तालुक्याच्या दुकानात भाव असा मिळाला: दोन्हीवर फॉरमॅट मारून ११ प्रो, पाचशे-पाचशे रुपये, ‘लाइफटाइम ॲक्टिव्हेट’. होमपेक्षा प्रो चांगलं असं सांगतात. खरंच घ्यावं का? आणि आत्ता मशीनमध्ये जे आहे ते ओरिजिनल आहे की नाही, हे घरच्या घरी कसं पाहायचं? लॅपटॉपवर पोरीचा अभ्यास, मराठी टायपिंग आणि बँकेची कामं होतात. डेस्कटॉपवर हिशेब आणि प्रिंटर.

दर्यापूरकर

भाऊ, लॅपटॉपवर आधी फॉरमॅट मारू देऊ नका. होम सिंगल लँग्वेज लिहून येतं म्हणजे बहुतेक कंपनीने ते लॅपटॉपसोबतच दिलेलं आहे आणि त्याची ‘की’ (लायसन्सचा क्रमांक) मदरबोर्डच्या चिपमध्ये बसलेली आहे. तीच एडिशन ११ मध्ये टाकली तर एक पैसा न देता ओरिजिनल ११ मिळतं. त्यावर प्रो टाकलं की हक्काचं लायसन्स पडून राहतं आणि वर चोरीचं चालू होतं. म्हणजे पाचशे रुपये देऊन खरं काढायचं आणि खोटं बसवायचं.

आता पाहायचं कसं. विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा. ‘विनव्हर’ (रोमन अक्षरांत, winver) लिहून एंटर केलं की एडिशन आणि व्हर्जन दिसेल. विंडोज १० असेल तर २२एच२ दिसायला पाहिजे, जुनं असेल तर आधी तिथपर्यंत अपडेट करा.

मग परत तीच खिडकी उघडून एस-एल-एम-जी-आर, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि डी-एल-आय (सगळं रोमन अक्षरांत, एका ओळीत: slmgr /dli). दोन-चार सेकंदांनी छोटी खिडकी येते. त्यात ‘डिस्क्रिप्शन’च्या ओळीत चॅनल लिहिलेला असतो आणि खाली की-ची शेवटची पाच अक्षरं.

तिसरं, डी-एल-आय च्या जागी एक्स-पी-आर. ‘परमनंटली ॲक्टिव्हेटेड’ आलं तर एक पायरी पार. तारीख आली तर दाल में काला.

दोन्ही मशीनचे निकाल इथे टाका, मग पुढे बोलू. की मात्र पूर्ण टाकू नका.

तर्री_मारके

पाचशे रुपयांत लाइफटाइम! कोणाचा लाइफटाइम, मशीनचा की दुकानाचा, ते विचारून घ्या राजेहो.

वैनगंगा

दर्यापूरकरांनी चॅनल पाहायला सांगितलं, पण त्याचा अर्थ सांगायचा राहिला.

‘ओईएम_डीएम’ म्हणजे कंपनीने कारखान्यात बोर्डात भरलेलं. ‘रिटेल’ म्हणजे सुटं विकत घेतलेलं. ‘व्हॉल्यूम_एमएके’ आणि ‘व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट’ ही संस्थांची लायसन्स: बँक, कॉलेज, मोठी कंपनी. घरच्या मशीनवर व्हॉल्यूम दिसलं तर ते आपलं नाही, इतकं धरून चाला.

ओईएम आणि रिटेल यांतला फरक शेतावरून सांगतो. ओईएम म्हणजे विहीर, वावरासोबतच जाते, उचलून दुसरीकडे नेता येत नाही. रिटेल म्हणजे मोटरपंप, या विहिरीवरून काढून त्या विहिरीवर बसवता येतो. म्हणून लॅपटॉप विकला की त्याचं ओईएम लायसन्सही घेणाऱ्याकडे गेलं.

बोर्ड जळाला (पावसाळ्यात विजेच्या कडकडाटात ही काही नवलाची गोष्ट नाही) आणि गावातल्या मेकॅनिकने दुसरा जुना बोर्ड टाकला, तर ओईएमची की जळालेल्या बोर्डासोबत गेली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलला तर ते नव्या बोर्डात की भरून देतात. पावती घेताना तेवढं विचारून घ्यायचं.

निंबोळी

@वैनगंगा, मोटरपंप एका वेळी एकाच विहिरीवर, हे पण लिहा दादा. लोक एक रिटेल की घेतात आणि भावाच्या, साळ्याच्या, सगळ्यांच्या मशीनवर टाकतात.

वैनगंगा

हो ताई, बरोबर. एक रिटेल, एक मशीन. दुसरीकडे न्यायचं असेल तर जुन्या मशीनवरून आधी काढायचं: ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून तीच एसएलएमजीआर आज्ञा, तिरकी रेघ यू-पी-के. त्यानंतर नव्या मशीनवर सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन, ‘चेंज प्रॉडक्ट की’. लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवलेलं असेल तर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमधून ‘या मशीनचं हार्डवेअर बदललं’ हा पर्याय घेता येतो.

घुगरी

एवढं काय घेऊन बसले बाप्पा. खेड्यात कोण येते लायसन्स पाहाले? सगळ्या पंचक्रोशीत क्रॅकच चालू हाय. अपडेट येतात, वॉलपेपर बदलते, काहून पैसे घालायचे? ज्याले कंपनी काढायची थो घेईन ओरिजिनल.

दर्यापूरकर

@घुगरी, पाहायला कोणी येत नाही हे मान्य. पण प्रश्न फक्त पाहणाऱ्याचा नाही.

क्रॅक म्हणजे केएमएसची नक्कल करणारं छोटं सॉफ्टवेअर. संस्थेत जो सर्व्हर लायसन्स देतो, त्याचं सोंग ते मशीनच्या आतच घेतं. केएमएसचं ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि त्याआधी नव्याने करून घ्यावं लागतं. म्हणजे ते सॉफ्टवेअर कायम मागे चालू राहावं लागतं, तेही ॲडमिनच्या हक्काने. आणि ते बसवताना पहिली पायरी काय असते? ‘डिफेंडर बंद करा’ किंवा ‘हा फोल्डर तपासणीतून वगळा’. त्या वगळलेल्या फोल्डरमध्ये नंतर काय येऊन बसलं ते अँटीव्हायरसला दिसतच नाही. त्याच मशीनवर बँकेचा पासवर्ड टाइप होतो.

तपासून पाहा: विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, सगळ्यात खाली ‘एक्सक्लूजन्स’. तिथे तुम्ही न टाकलेला फोल्डर दिसला तर दुकानाची भेट समजा.

एक्स-पी-आर ला २०३८ सालची तारीख दिसली तर तोही क्रॅकचाच एक प्रकार. सरळमार्गी कोणत्याही लायसन्सला १९ जानेवारी २०३८ ही तारीख येत नाही.

कायदेपंडित_वणी

पाहायला येणारे यायचेच झाले तर: कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. माहीत असूनही चोरीची संगणक-प्रणाली वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापरली नाही हे दाखवता आलं तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. घरच्या मशीनसाठी कोणी दार ठोठावणार नाही, पण सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, पतसंस्था यांनी ‘कोण पाहाले येते’ म्हणू नये.

घुगरी

मले वाटलं तुम्ही फाशीच द्याल.

सांबारवडी

चॅनलबद्दल एक भर. फक्त ‘रिटेल’ लिहून आलं म्हणून हुरळून जाऊ नका. विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट १० झालेल्या मशीनवर ‘रिटेल’च दिसतं, मूळ लायसन्स ओईएम असलं तरी. ओळखायची खूण म्हणजे की-ची शेवटची पाच अक्षरं. प्रोवर ३व्ही६६टी, होमवर ८एचव्हीएक्स७, सिंगल लँग्वेजवर ६एफ४बीटी दिसली तर ती सगळ्या जगाला एकच असलेली सर्वसाधारण की आहे. खरं लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तुमच्या बोर्डाच्या नावाने नोंदवलेलं असतं, त्यालाच डिजिटल लायसन्स म्हणतात. ते दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही.

आणि गंमत अशी की क्रॅकचा एक प्रकार हीच नोंद खोट्याने करून घेतो. त्यात एक्स-पी-आर ला ‘परमनंट’ येतं. म्हणजे पडद्यावर ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसणं हा लायसन्सचा पुरावा नाही. पुरावा म्हणजे बोर्डातली की, बिल, किंवा खोक्यातलं कार्ड.

बोर्डातली की पाहायला मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर ‘शो की प्लस’ नावाचं फुकट ॲप आहे. त्यात ‘ओईएम की’ समोर की आणि तिची एडिशन दोन्ही दिसतं. तिथे काहीच नसेल तर बोर्ड कोरा.

मेळघाटी

होम की प्रो, हा प्रश्न राहिलाच. प्रोमध्ये जास्तीचं काय: मशीन दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने उघडता येणं, बिटलॉकरचा (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीचा) पूर्ण ताबा, ग्रुप पॉलिसी (ॲडमिनचे बारीक नियम), हायपर-व्ही (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणं), सँडबॉक्स (संशयी फाइल वेगळी उघडून पाहणं), ऑफिसच्या डोमेनला जोडणं. वेग तोच. गेम, ब्राउझर, झूम, टायपिंग सगळं तेच. रॅमची मर्यादा होमला १२८ जीबी आहे, आपल्या ४ जीबीच्या लॅपटॉपला ती कधी आडवी येणार?

होमवरून प्रोवर जाणं की टाकून एका रीस्टार्टमध्ये होतं, डेटा जागेवर राहतो. उलटं, प्रोवरून होमवर, करायचं तर पुन्हा सगळं साफ करून टाकणं हाच खात्रीचा रस्ता. म्हणून ‘टाकून तर पाहू’ म्हणत प्रो टाकू नये.

शाईपेन

सिंगल लँग्वेजवर मराठी टायपिंग चालत नाही ना पण? आमच्याकडे दुकानदाराने हेच सांगून प्रो गळ्यात मारलं.

निंबोळी

चालते, आरामात चालते. सिंगल लँग्वेजमध्ये बंधन फक्त डिस्प्लेच्या भाषेवर आहे: मेनू, बटणं, सेटिंग्ज एकाच भाषेत. कीबोर्ड हवे तेवढे जोडा. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, ‘ॲड अ लँग्वेज’, मराठी शोधा. पुढच्या पानावर डिस्प्ले लँग्वेजचा पर्याय बंद दिसेल, तो सोडून द्या. मग मराठीसमोरच्या तीन टिंबांत कीबोर्ड जोडायचा: इनस्क्रिप्ट येत असेल तर ‘मराठी’, नसेल तर ‘मराठी फोनेटिक’. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते.

ज्यांना मेनूसुद्धा मराठीत पाहिजेत त्यांनाच साधं होम किंवा प्रो लागेल. तिथे इंग्रजीवर मराठी भाषेचा पॅक चढवावा लागतो, मराठीची वेगळी आयएसओ फाइल (विंडोज टाकायची पूर्ण फाइल) मिळत नाही.

कृतिदेव, श्रीलिपीचे फॉन्ट ११ वरही बसतात. श्रीलिपीचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर (यूएसबीत लावायच्या लायसन्सच्या खुंटीवर) चालत असेल तर मात्र डोंगलचा ६४-बिट ड्रायव्हर आहे का ते आधी विचारा.

पऱ्हाटी

सगळ्यांना धन्यवाद. निकाल असे.

लॅपटॉप: ओईएम_डीएम चॅनल, परमनंट. शो की प्लसमध्ये ओईएम की समोर ‘होम सिंगल लँग्वेज’.

डेस्कटॉप: व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट. एक्स-पी-आर ला तारीख येते. ओईएम कीच्या जागी काहीच नाही. एक्सक्लूजन्समध्ये एक फोल्डर निघाला.

तर्री_मारके

निघाला!

दर्यापूरकर

लॅपटॉपचा प्रश्न सुटला. आठव्या पिढीचा आय-३ ८१३०यू विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवा. टीपीएम (११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही असं म्हटलं तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) इंटेलच्या मशीनला ‘पीटीटी’, एएमडीच्या मशीनला ‘एफटीपीएम’ नावाचा पर्याय असतो, तो चालू करायचा. सिक्युअर बूट (सुरू होताना खोटं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) बंद असेल आणि चालू करता येत नसेल, तर हार्डडिस्क एमबीआर या जुन्या विभागणीच्या पद्धतीची आहे का पाहा. असेल तर बॅकअप घेऊन विंडोजमधलंच ‘एमबीआर-टू-जीपीटी’ चालवायचं, आधी व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट, आणि नंतर बायोसमध्ये लेगसीवरून (जुनी पद्धत) यूईएफआय (नवी पद्धत). हा क्रम उलटा केला तर मशीन चालू होत नाही आणि लोक म्हणतात विंडोज उडालं.

इतर वाचणाऱ्यांसाठी: खरेदीचं वर्ष पाहून ठरवू नका. आय-३ ७०२०यू २०१८ मध्ये बाजारात आला, त्याचे लॅपटॉप ‘नवीन’ म्हणून विकले गेले, पण तो सातव्या पिढीचा आहे आणि ११ च्या यादीत नाही.

लॅपटॉप फॉरमॅट मारायची गरज नाही. १० च्या आतूनच सेटअप चालवा, सिंगल लँग्वेजचं सिंगल लँग्वेजच राहील. सी ड्राइव्हवर २५ जीबी तरी मोकळी ठेवा. नाही आवडलं तर १० दिवसांच्या आत सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, ‘गो बॅक’ करून परत १० वर जाता येतं. त्या १० दिवसांत डिस्क क्लीनअप चालवून जुनं विंडोज उडवू नका.

झाडीपट्टी

डाऊनलोडचं कोणी बोललं नाही. आयएसओ फाइल ५ जीबीच्या वर जाते. रोजचा दीड-दोन जीबीचा रिचार्ज असेल तर एका दिवसात होत नाही, आणि मायक्रोसॉफ्टच्या पानावरची लिंक २४ तासच चालते. मीडिया क्रिएशन टूल (मायक्रोसॉफ्टचं डाऊनलोडचं सॉफ्टवेअर) मध्येच तुटलं तर बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरू. ग्रामपंचायतीत फायबर असेल तर तिथून आणा, किंवा मित्राकडून पेनड्राइव्हवर घ्या. मायक्रोसॉफ्टच्या त्याच पानावर फाइलचा हॅश (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) दिलेला असतो. कॉपी केलेल्या फाइलचा हॅश विंडोजमधल्याच ‘सर्टयूटिल’ने काढून ताडून पाहा, म्हणजे मध्ये कोणी काही कालवलं नाही याची खात्री.

पेनड्राइव्ह ८ जीबी किंवा मोठा. आयएसओ तशीच फॅट३२ पेनड्राइव्हवर कॉपी केली तर ४ जीबीच्या वरची इन्स्टॉल फाइल जात नाही. रुफस (पेनड्राइव्ह बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) वापरा, तो त्याची व्यवस्था करतो.

फॉरमॅट मारून ११ होम टाकताना सेटअप इंटरनेटवर अडून बसतो, आणि वायफायचा ड्रायव्हर आलेला नसला तर नेटवर्कच दिसत नाही. फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू करा, ते बहुतेक मशीनवर ड्रायव्हरशिवाय ओळखलं जातं.

मेळघाटी

आणि लाइट. सेटअप चालू असताना लाइट गेली की डेस्कटॉपचं कल्याण. भारनियमनाचं वेळापत्रक पाहून बसा.

झाडीपट्टी

घरचा इन्व्हर्टर असला तर त्याच्या मागे एक छोटी कळ असते, ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ (काहींवर ‘ईको’). नॉर्मलवर पंखा-लाइट ठीक चालतात, पण लाइट गेल्यावर बदल होताना डेस्कटॉप रीस्टार्ट होऊ शकतो. यूपीएसवर ठेवा.

सांबारवडी

@झाडीपट्टी, यूपीएसवर ठेवा पण काम झाल्यावर परत नॉर्मलवर आणा. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. ओलिताच्या दिवसांत सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होतात, व्होल्टेज संध्याकाळभर १६०-१७० वर खेळतं. लाइट असूनही बॅटरी रिकामी, आणि रात्री खरी लाइट गेली की अंधार.

घुगरी

धागा लायसन्सचा अन् गोष्ट पोहोचली मोटरीवर. पण हे लय कामाचं सांगितलं बरं.

फाटकी_सतरंजी

डेस्कटॉपचं काय मग? चौथी पिढी आहे, टीपीएम २.० नसणार. रुफसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूटची तपासणी वगळायचा पर्याय आहे, त्याने ११ टाकता येतं.

वैनगंगा

येतं. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला एसएसई ४.२ (प्रोसेसरच्या आज्ञांचा एक संच) आहे म्हणून ११ ची २४एच२ ही आवृत्ती सुद्धा चालते, कोअर टू ड्युओवर मात्र ते सुरूच होत नाही. पण यादीबाहेरच्या मशीनला अपडेटची हमी नाही असं मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. महिन्याचे अपडेट येतात, वर्षाची मोठी आवृत्ती आपणहून येत नाही, दरवर्षी आयएसओ आणून हाताने चढवावी लागते.

आणि मुख्य म्हणजे, तपासणी वगळली म्हणून लायसन्स तयार होत नाही. या मशीनवर १० प्रोचंच नाही तर ११ चं कुठून येणार? स्टिकर ७ चं आहे. फुकट अपग्रेडची जाहीर मुदत २९ जुलै २०१६ ला संपली. त्यानंतरही ७-८ च्या की चालून जायच्या, तो रस्ता बंद केल्याचं मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं.

एक शक्यता उरते. ज्या ऑफिसातून हे मशीन निघालं तिथे कधी रीतसर ७ वरून १० झालेलं असेल, तर बोर्डाच्या नावाने १० प्रोचं डिजिटल लायसन्स सर्व्हरवर असू शकतं आणि वर कोणीतरी उगाच क्रॅक मारला असेल. तपासायचं तर रिकाम्या एसएसडीवर १० प्रो ताजं टाका, की विचारली की ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ म्हणा, नेटला जोडा. आपोआप ॲक्टिव्हेट झालं तर नशीब उघडलं. जुनी डिस्क तोवर काढून बाजूला ठेवा, हिशेब त्यात आहे.

निंबोळी

तसं नशीब उघडलं तर त्या १० वर ईएसयू घेता येईल. विंडोज १० च्या घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट देणारी योजना. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट, तिथे ‘एनरोल नाऊ’ येतं. मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू केला तर फुकट, नाहीतर रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट किंवा ३० डॉलरच्या हिशेबाने पैसे. एका खात्यावर १० मशीनपर्यंत चालतं. क्रॅकवाल्या मशीनवर त्याच्या नादी लागू नका.

ऑफिसचं लायसन्स वेगळं असतं हेही लक्षात घ्या. विंडोज ओरिजिनल म्हणून वर्ड-एक्सेल ओरिजिनल होत नाही. ऑफिस २०१६ आणि २०१९ चा आधारही त्याच १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

रानमेवा

हिशेब आणि प्रिंटर एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट टाका, विषय संपला. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत, एक्सएफसीई आवृत्ती चौथ्या पिढीवर पळते. लिबरऑफिस सोबतच येतं. लायसन्स जीपीएल (वाटायची मोकळीक देणारं), गावभर वाटा, कलम ६३ब ला काही काम नाही.

फाटकी_सतरंजी

आले लिनक्सवाले. आता प्रिंटर कोण चालवून देणार?

रानमेवा

प्रिंटर आधी तपासायचा, हे बरोबर. मिंटचा पेनड्राइव्ह लावून इन्स्टॉल न करता चालू करा, ‘लाइव्ह’ मध्येच प्रिंटर जोडून एक पान काढून पाहा. निघालं तर पुढे जा. एक्सेलमध्ये मॅक्रो असतील किंवा टॅली चालवायचं असेल तर मिंट टाकू नका, हे मीच सांगतो. डिजिटल सहीचा टोकन आणि आधारचं अंगठ्याचं यंत्र असेल तरी विंडोजच ठेवा.

शाईपेन

अंगठ्याच्या यंत्रावरून: विंडोजवरसुद्धा अपग्रेडच्या आधी त्या यंत्राची आरडी सर्व्हिस (यंत्र आधारला जोडणारं सॉफ्टवेअर) ११ वर चालते का ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. सेवा केंद्रवाल्यांनी हे महिनाअखेरीला तर करूच नये.

सांबारवडी

@पऱ्हाटी, एक गोष्ट दुकानात मशीन देण्याआधी. ११ ताजं टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलं की २४एच२ पासून, ज्या हार्डवेअरला जमतं त्यावर, डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप) आपोआप सुरू होतं, होमवरसुद्धा. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. दुकानदाराने घाईत स्वतःच्या मेलवरून सेटअप केला तर की त्याच्या खात्यात. पुढे बायोस बदलला किंवा बोर्ड गेला की निळा पडदा की मागतो, आणि तोवर त्याला तुमचं मशीन आठवतही नसतं. तेव्हा खातं स्वतःचं, पासवर्ड स्वतः टाइप केलेला, आणि की कागदावर लिहून सातबारा-रेशनकार्डाच्या फायलीत.

पऱ्हाटी

समजलं. लॅपटॉपवर आतूनच ११ सिंगल लँग्वेज. डेस्कटॉपवर आधी वैनगंगादादांची एसएसडीची चाचणी, नाही जमलं तर मिंट, टॅली नाहीच आमच्याकडे. ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत ११ प्रोच्या की दिसतात, त्यांचं काय?

वैनगंगा

त्यांतल्या बऱ्याच व्हॉल्यूमच्या किंवा दुसऱ्या कोणत्या मशीनच्या ओईएम की असतात. आज ॲक्टिव्हेट होतात, मूळ संस्थेचा कोटा संपला किंवा की अडवली गेली की उद्या पडद्याच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’. बिलावर विंडोजचं नाव, एडिशन आणि जीएसटी क्रमांक मागून पाहा, मिळत नाही. घ्यायचंच तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून किंवा सीलबंद रिटेल खोकं बिलासकट. पण या डेस्कटॉपसाठी तेवढे पैसे घालण्यापेक्षा यादीत बसणारं, बोर्डात की असलेलं रिफर्बिश्ड (जुनं, दुरुस्त करून विकलेलं) मशीन नागपुरात सीताबर्डीला पाहा, आणि पैसे देण्याआधी तिथेच शो की प्लस चालवा.

घुगरी

मंग त्या दुकानदाराले काहीच नाही द्यायचं का? थो बी आपलाच माणूस.

दर्यापूरकर

द्यायचं ना. लॅपटॉपला ४ जीबी रॅम ११ ची किमान अट आहे, पुरेशी नाही. ८ करून घ्या. आधी टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी, तिथे ‘स्लॉट्स यूज्ड’ पाहा. ‘१ ऑफ २’ असेल तर त्याच्याकडून डीडीआर४ लॅपटॉपवाली ४ जीबीची पट्टी. ‘१ ऑफ १’ असेल तर आहे ती काढून ८ ची, पण रॅम बोर्डालाच चिकटवलेली नाही ना ते उघडून पाहूनच पट्टीचे पैसे द्या. उघडलाच आहे तर पंख्यातला कापसाचा भुगा काढून थर्मल पेस्ट नवीन लावून घ्या. हार्डडिस्क अजून फिरणारी असेल तर एसएसडी पण त्याच फेरीत.